अंधेरीत अंधार कुठंय?

रात्री दोन वाजता अंधेरीत अंधार शोधून दाखवा, माझ्याकडून कटिंग! नाव अंधेरी, पण हायवेच्या पुलाखाली उभं राहून आरामात पेपर वाचता येईल इतका उजेड. वर मेट्रो स्टेशनातले दिवे, बाजूला कॉर्पोरेट पार्कच्या काचा (आत चिटपाखरू नाही, तरी तिसऱ्या मजल्यावरच्या पँट्रीचा दिवा चालू), समोर मेडिकलचा हिरवा प्लस. आणि हे सगळं कुणासाठी? तर फूटपाथवर ताणून दिलेल्या एका कुत्र्यासाठी.

तर दोस्तहो, या आठवड्याचा फंडा आहे रिकाम्या शहराचे फोटो. शनिवारी रात्री कॅमेरा घेऊन बाहेर पडणारी जमात आता चांगलीच वाढलीय. पण बहुतेकांची गाडी सरळ टाउनला जाते. सीएसएमटीचा जांभळ्या दिव्यांतला घुमट, मरीन ड्राइव्हचा हार, सी लिंकच्या केबल्स... झाला वीकेंड वसूल! उपनगरांत काय ठेवलंय, असं कुणी म्हटलं की मी त्याला गुंदवलीला घेऊन जाते. खाली हायवे, हायवेवर फ्लायओव्हर, त्या फ्लायओव्हरच्याही वरून केबलच्या आधाराने तरंगत जाणारी मेट्रो वन (८ जून २०१४ ला सुरू झाली, आठवतंय?), आणि शेजारी जानेवारी २०२३ मध्ये आलेलं मेट्रो सातचं स्टेशन. दोन्ही स्टेशनांना जोडणाऱ्या पुलावर दिवसा माणूस माणसाला ढकलत जातो. रात्री तीच जागा म्हणजे एखाद्या सायन्स फिक्शन सिनेमाचा सेट. व्हिक्टोरियन गॉथिक वगैरे नाही, मान्य. पण आपल्या पिढीने याच काँक्रीटखाली रिक्षाची वाट बघत आयुष्य काढलंय. त्याचाही कुणीतरी नीट फोटो काढायला हवा की नाही?

शिवाय उपनगरं थांबत नाहीत. आज दिसतंय ते पुढच्या वर्षी असेलच असं नाही. गोखले पुलाचंच घ्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये तो बंद झाला. २६ फेब्रुवारी २०२४ ला एक बाजू उघडली आणि लोकांच्या लक्षात आलं की शेजारचा बर्फीवाला फ्लायओव्हर त्याला जुळतच नाही. मध्ये चांगली दीड-दोन मीटरची पायरी! सगळी मुंबई हसली. ज्यांनी त्या महिन्यांत रात्री जाऊन ती पायरी टिपली, त्यांच्याकडे आज दुर्मीळ माल आहे, कारण त्याच वर्षी जुलैत दोन्ही पूल जोडले गेले आणि मे २०२५ पासून अख्खा गोखले पूल सुरू झाला. आता कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल.

तंत्र सांगते, घाबरू नका. कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ १००, अपर्चर एफ ८ किंवा ११, शटर वीस ते तीस सेकंद. शटरचं बटण दाबताना कॅमेरा हलतो म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावायचा आणि हात खिशात घालायचे. ट्रायपॉडवर असताना लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद. अपर्चर जितकं लहान, तितक्या रस्त्यावरच्या दिव्यांना चांदण्या फुटतात. फोनवाल्यांनी मन लहान करू नये. नाइट मोडमध्ये फोन पटापट बऱ्याच फ्रेम घेऊन एकावर एक रचतो, फक्त त्याला कुठेतरी टेकवून स्थिर ठेवा. डिव्हायडरचा कठडा, रिक्षाचं टप, काहीही चालेल. रेल्वे आणि मेट्रो स्टेशनांच्या आत मात्र परवानगी असल्याशिवाय ट्रायपॉड उघडू नका, उगाच रात्र वाया जाईल.

खरी गंमत यापुढे. त्या तीस सेकंदांत फ्रेममधून वीस माणसं चालत गेली तरी फोटोत त्यातलं एकही उमटत नाही. गाड्या लाल-पिवळ्या रेघा होतात, चालणारी माणसं हवेत विरघळतात. म्हणजे शहर रिकामं नसतं, कॅमेरा त्याला रिकामं करतो! हे डिजिटलचं कौतुक नाही बरं का. १८३८ मध्ये दागेर नावाच्या फ्रेंच माणसाने पॅरिसमधल्या आपल्या खिडकीतून खालच्या बुलवारचा फोटो काढला. रस्ता वाहता होता, घोडागाड्या होत्या, लोक होते. पण एक्स्पोजर काही मिनिटांचं, त्यामुळे सगळे पुसले गेले. उरला तो कोपऱ्यावर बूट पॉलिश करून घेणारा एक माणूस, आणि त्याच्या पायाशी पॉलिशवाल्याचा अस्पष्ट आकार. माणूस दिसणारा जगातला पहिला फोटो म्हणून तो ओळखला जातो. बाकीचं पॅरिस गेलं, पॉलिश करून घ्यायला थांबलेला गडी तेवढा इतिहासात गेला.

थोडक्यात, जो थांबतो तो उमटतो. हा हिशेब डोक्यात ठेवून मी गेली दोन वर्षं अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड हिंडतेय. सांगू, आपल्या रात्रीत कोण उमटतं? टॉवरच्या गेटवर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेला वॉचमन, तोंडावर मोबाइलचा निळा उजेड. मागच्या सीटवर झोपलेला रिक्षावाला, बाहेर आलेल्या दोन पायांसकट. नाकाबंदीच्या बॅरिकेडला टेकलेला हवालदार. सायकलवर चहाची किटली घेऊन उभा असलेला भैया. पार्सलची वाट बघत बाइकवर बसलेली डिलिव्हरीची पोरं. आणि कुत्री, भरपूर कुत्री. ध्रुव मल्होत्रा या फोटोग्राफरची ‘स्लीपर्स’ नावाची मालिका जमली तर बघा. भारतातल्या शहरांत रात्री उघड्यावर झोपलेली माणसं त्याने लांब एक्स्पोजरने टिपलीत. कुठलीही रिकामी जागा किती भरलेली असते, ते त्यात कळतं.

माझ्या हार्ड डिस्कवर असे साडेतीनशेच्या वर फोटो आहेत. मागच्या महिन्यात एका निवांत दुपारी ते सगळे ओळीने बघत होते. वॉचमन मोजले, रिक्षावाले मोजले, मग सहज बायका मोजायला घेतल्या.

शून्य.

बायका नसतात असं नाही. कॉल सेंटरच्या कॅबमधून उतरणाऱ्या मुली असतात, नर्सेस असतात, पहाटे पहिल्या लोकलच्या आधी टोपल्या घेऊन निघालेल्या कोळणी असतात, लग्नावरून परतणाऱ्या काकू असतात. पण त्या चालत असतात, आणि भरभर. कॅबच्या दारापासून लिफ्टपर्यंत, स्टेशनपासून रिक्षापर्यंत. तीस सेकंद एका जागी कुणी उभी राहत नाही. मग कॅमेरा तरी काय करणार बिचारा! त्याच्या लेखी त्या नव्हत्याच.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं ‘व्हाय लॉयटर?’ नावाचं पुस्तक २०११ मध्ये आलं. मास कॉमच्या दुसऱ्या वर्षाला आमच्या रीडिंग लिस्टमध्ये होतं, तेव्हा परीक्षेपुरतं वाचलं. त्यातला मुद्दा साधा आहे. मुंबईत बाई बाहेर दिसली की तिच्याकडे कारण असावं लागतं. ऑफिस, भाजी, मुलांची शाळा, देऊळ. पुरुष नाक्यावर नुसता उभा राहू शकतो, बाईला नुसतं उभं राहता येत नाही. म्हणून त्या तिघी म्हणतात की बायकांना विनाकारण रेंगाळण्याचा हक्क हवा. तेव्हा मला वाटलं होतं, ठीक आहे, पण एवढं काय त्यात? आता ट्रायपॉडने शिकवलं.

कारण ट्रायपॉड हा माझा परवाना आहे. तो उघडलेला असला की सगळं जग समजूतदार होतं. लिंक रोडवर पोलिसांची गाडी हळू होते, काच खाली येते, “चॅनलवाल्या का?” मी मान हलवते, काच वर. वॉचमन येतो, “मॅडम, किसका फोटो निकाल रहे हो?” बिल्डिंगचा, म्हटलं की तो मान वर करून आपल्याच बिल्डिंगकडे नव्याने बघतो. “इसमें क्या है?” असं विचारतो आणि मग स्वतःच दुसरा चांगला अँगल दाखवतो. एका रात्री मात्र चार्जिंग संपलं म्हणून सगळं सामान बॅगेत भरलं आणि मित्राची वाट बघत त्याच रस्त्यावर, त्याच दिव्याखाली उभी राहिले. दहा मिनिटांत तीन बाइक हळू झाल्या आणि एका सभ्य काकांनी थांबून विचारलं, “घर कुठे तुमचं?” तीच मी, तीच जागा, उजेडही तेवढाच.

उजेडाचं तर विचारूच नका. जुने सोडियमचे पिवळे दिवे गेल्या दहा-बारा वर्षांत जवळजवळ सगळीकडून गेले, पांढरे एलईडी आले. टाउनमध्ये २०१५ साली मरीन ड्राइव्हला पांढरे दिवे लागले तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! राणीचा हार चांदीचा झाला म्हणून अग्रलेख, कोर्टकचेरी, आणि शेवटी सोनेरी छटा परत आणावी लागली. आपल्याकडे बोरिवलीत बदलले तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही. फोटोग्राफरसाठी दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सोडियममध्ये झाड, भिंत, माणूस सगळं एकाच आमरसात बुडवल्यासारखं. एलईडीत गुलाबी भिंत गुलाबीच दिसते, आणि तिच्यावरचं शेवाळ, पान खाऊन टाकलेली पिंक, निघालेला पोपडा सगळं स्वच्छ. मला विचाराल तर सौंदर्य पिवळ्यात होतं, पण माहिती पांढऱ्यात आहे.

त्यावर डिसेंबर २०२२ पासून महापालिकेचं सुशोभीकरण आलं, सुमारे १,७०० कोटींचं. विजेच्या खांबांना रंगीत पट्ट्या, फ्लायओव्हरला जांभळे-गुलाबी दिवे, झाडांना माळा. दिवाळी बाराही महिने! झाडांवरच्या माळांचं प्रकरण २०२४ मध्ये हायकोर्टात गेलं आणि मग महापालिकेने त्या उतरवायला घेतल्या. पक्ष्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल. उजेड वाढला की बायकांना बरं, असं आपण सगळेच धरून चालतो आणि ते अगदी खोटंही नाही, अंधाऱ्या गल्लीतून जायला मलाही नको वाटतं. पण झगझगीत पुलाखाली एक बाकडं टाकलंय, एक टॉयलेट उघडं आहे, एक चहाची टपरी रात्रभर चालू आहे, असं कुठे दिसतं? गुलाबी दिवे गाडीतून जाणाऱ्याला बघायला छान आहेत. थांबणाऱ्यासाठी तिथे काही नाही.

विषयांतर झालं. खराखुरा अंधार हवा असेल तर नकाशावर बोरिवली आणि मुलुंड यांच्या मध्ये बघा. नॅशनल पार्क, शंभरहून जास्त चौरस किलोमीटरचं. मुलुंड कॉलनीच्या मागच्या बाजूला उभं राहिलात तर टॉवर्सची रोषणाई एकदम संपते आणि पुढे काळं. कॅमेऱ्याला तीस सेकंद दिले तर त्या काळ्यातून डोंगराची कड हळूच वर येते, बोरिवलीकडच्या उजेडावर कापून ठेवल्यासारखी. आता याच डोंगराखालून गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे जुळे बोगदे जाणार आहेत, प्रत्येकी ४.७ किलोमीटर. जुलै २०२४ मध्ये भूमिपूजन झालं. ज्यांना मुलुंडची ही बाजू आजच्या रूपात हवी आहे, त्यांनी फार उशीर करू नये.

पण या जंगलाच्या काठावरचा सर्वांत भारी फोटो आधीच काढून झालाय. मुंबईच्या नयन खानोलकरांना २०१६ च्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत शहरी विभागाचं पहिलं बक्षीस मिळालं, ते आरे कॉलनीतल्या फोटोसाठी. वारल्यांच्या वस्तीतली अरुंद गल्ली, घरांच्या भिंती, दिव्याचा उजेड, आणि त्या गल्लीतून आपल्या घरी निघाल्यासारखा चाललेला बिबट्या. त्यासाठी त्यांनी महिनोन् महिने कॅमेरा लावून वाट पाहिली. फ्लॅशसुद्धा असे लावले की गल्लीतले नेहमीचे दिवेच वाटावेत. मला त्यातला बिबट्या आवडतोच, पण त्याहून जास्त ती गल्ली आवडते. बिबट्या नसता तरी तो उत्तम आर्किटेक्चरचा फोटो असता.

स्थिर उभं राहण्यात मात्र सगळ्यांचा बाप आमच्या अंधेरीतच आहे. गिल्बर्ट हिल. काळ्या बेसॉल्टचा साठ मीटरचा सरळसोट खांब, सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, माथ्यावर गावदेवीचं मंदिर. चारही बाजूंनी बिल्डिंगा इतक्या जवळ आल्यात की रात्री त्याच्यावर पडतो तो लोकांच्या स्वयंपाकघरांतला उजेड. कुणी दूध तापवायला उठलं की डायनोसॉरच्या काळातला दगड थोडा उजळतो. हा फोटो घेताना एक्स्पोजर कितीही लांबवा, मॉडेल हलत नाही!

घाटकोपरला मी बरेच दिवस कॅमेरा उघडला नव्हता. १३ मे २०२४ ला छेडानगरजवळ पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळलं, १७ माणसं गेली. ते १२० बाय १२० फुटांचं होतं, परवानगी असते ४० बाय ४० ची. संध्याकाळचं धुळीचं वादळ होतं. कुणी पेट्रोल भरायला, कुणी आडोशाला म्हणून पंपावर थांबलं होतं. त्याआधी रात्रीच्या फोटोंत मला होर्डिंगं फार आवडायची, आकाशात लटकलेला लख्ख चौकोन आणि खाली निर्मनुष्य हायवे. आता व्ह्यूफाइंडरमध्ये तसा चौकोन आला की मी आधी त्याचे पाय बघते, किती जाड आहेत ते.

शेवटी परवा गेले. कारण पंतनगरमधली माझ्या आजोळची बिल्डिंग आता पाडणार आहेत. म्हाडाची जुनी वसाहत, रीडेव्हलपमेंट. माणसं सहा महिन्यांपूर्वीच भाड्याच्या घरांत गेली. दारं-खिडक्या, ग्रिल, नळ सगळं भंगारवाल्यांनी उतरवून नेलंय, त्यामुळे रस्त्यावरच्या एलईडीचा उजेड एका बाजूने शिरतो आणि खोल्यांतून आरपार जातो. प्रत्येक मजल्याच्या भिंतीचा रंग वेगळा, कुठे देव्हाऱ्याची चौकट, कुठे उंची मोजायच्या पेन्सिलच्या खुणा. मी रात्री एक वाजता निघाले तर आई चप्पल घालून दारात उभी.

“तू कुठे?”

“माझं माहेर आहे ते. तू काय फोटो काढायचे ते काढ.”

माझे बाराएक फोटो होईपर्यंत ती गप्प होती. मग खालच्या पायरीपाशी गेली आणि पदराने ती झटकली. म्हणाली, “हा समोरचा दिवा आहे ना, इथे तुझे मामा रात्री बारा-बारापर्यंत कॅरम खेळायचे. आम्ही बहिणी वरून बघायचो. दिवेलागणीनंतर आम्हाला या पायरीवर बसायला नव्हतं.”

“मग बस की आता.”

ती बसली. मी कॅमेरा वळवला, फोकस तिच्या चष्म्यावर घेतला. “आई, तीस सेकंद हलायचं नाही.”

“श्वास घेतला तर चालेल ना?”

मागे विद्याविहारच्या बाजूने एक मालगाडी गेली. दोन पोरं बाइकवरून जाताना हळू झाली, ट्रायपॉड दिसला तशी निघून गेली. शटर बंद झाल्याचा आवाज आला. स्क्रीनवर रिकामी बिल्डिंग, उघड्या चौकटी, पोरांच्या बाइकची एक लाल रेघ आणि पायरीवर आई, साडीच्या काठासकट स्वच्छ.

“झालं?” तिने विचारलं.

“झालं. चल.”

“तू आवर तुझं सामान,” आई म्हणाली. “मी बसते जरा वेळ.”